येताना येतो

आज सकाळी लातुरात माणूस नाही. गंजगोलाईतली दुकानं बंद, दाळ मिलांचे भोंगे गप्प. एरवी पाठीवर दप्तरं घेऊन क्लासच्या गल्लीत पळणारी पोरं कुठे गेली कोण जाणे. रिक्षा स्टँडवर एकच रिक्षा, आणि तिच्या मागच्या सीटवर एक कुत्रं आरामात झोपलेलं. बाहेरगावचा कुणी आज इथं उतरला तर त्याला वाटेल, कर्फ्यू लागलाय. कर्फ्यू नाही, येळवस आहे. पंचांगात हिला वेळ अमावस्या म्हणतात. ऐन थंडीतली ही अवस म्हणजे आमच्या भागाची दिवाळी. ज्याला शेत आहे तो आज आपल्या शेतात जेवतो, आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, आणि हाक आली तर नाही म्हणायचं नाही, एवढाच या सणाचा कायदा.

मी गॅलरीत चहा घेत उभी होते. खालून सायकली गेल्या. पंधरा-वीस असतील. चकचकीत हेल्मेटं, पाठीला पाण्याच्या नळ्या लावलेल्या पिशव्या, बारीक चाकांच्या सायकली. त्यांत शेजारची श्रुती होती. ती इंजिनियर आहे, सुट्टीला आली आहे. तिनं एक पाय टेकून वर पाहिलं.

"काकू, चाकूरपर्यंत जाऊन येतोय! वाटेत तीन शेतांत जेवण ठरलंय. येताना तुम्हाला भज्जी आणते!"

"आण," मी म्हणाले, "पण जाताना कुणाला शब्द देऊ नकोस."

ती हसली. तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. सायकली वळणावरून गेल्या आणि रस्ता पुन्हा मोकळा झाला. मी मात्र चहा तसाच हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले.

आम्ही चौघी होतो आणि सायकली तीन.

जिल्हा नवा झाला होता. आमच्या गावाच्या शाळेवर 'जि. उस्मानाबाद' होतं, ते चुन्यानं पुसून त्यावर 'जि. लातूर' लिहिलं, पण चुना पातळ होता. ऊन तिरपं आलं की जुना जिल्हा आतून दिसायचा. आता कलेक्टर जवळ आले, रस्ते होणार, कॉलेजं निघणार, असं हेडसर वर्गात सांगायचे. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, ते म्हणायचे, "जिल्हा बदलला, पन आभाळ त्येच हाय."

आभाळ तेच होतं, कोरडं. मिरगाचा एक शिडकावा झाला, मग नाही. ज्वारी गुडघ्याला लागून थांबली. विहिरीत बादली सोडली की दगडावर वाजायची, आणि तो आवाज ऐकून बायका दोर वर ओढायच्या. अप्पा एका मालकाच्या शेतावर सालगडी होते. आम्हाला रान नव्हतं. माय रोजगार हमीच्या कामावर जायची, खडी फोडायला. गावापासून चाकूरपर्यंत, पाच कोसांचा रस्ता त्या वर्षी दुष्काळानं केला असं म्हटलं तरी चालेल. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग लागलेले असायचे आणि प्रत्येक ढिगापाशी एक बाई. माय आपल्या ढिगावर जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी दगडाखाली दाबून ठेवायची, म्हणजे मुकादमानं मोजताना दुसऱ्याचा समजू नये.

मी दहावीत होते. दहावीच्या पुढे गावात शाळा नव्हती, अकरावीचे वर्ग चाकूरला. रस्त्याचं काम निघाल्यापासून एसटी फाट्यावरूनच वळायची, आणि तीही तिच्या मनावर. मुलं सायकलनं जायची. मुलगी सायकलनं गेली असं आमच्या रस्त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

हेडसर एकदा आमच्या घरी आले. आमच्या वस्तीत गावातली माणसं आली तरी बाहेर उभी राहून बोलायची. सर आत आले, घोंगडीवर बसले आणि मायनं दिलेला काळा चहा प्यायले. मग म्हणाले, "सुशीलेला पुढं शिकवायचं."

अप्पांनी सरांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाय म्हंता, आमी कशाला न्हाई म्हनू? पन पाच कोस. एकली पोर. गाव काय म्हनंल?"

"गावाला विचारलंत का?"

"गावाला इचारायची माजी काय टाप हाय, सर?"

"मग विचारू नका," सर म्हणाले. "गावाला दाखवू."

सरांनी दिवस निवडला तो येळवशीचा. त्या वेळी मला त्यात फक्त सणाची गंमत दिसली. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, मग त्यांची हुशारी कळली. येळवशीला पाच कोसांच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सगळी माणसं शेतात. म्हातारी, तरणी, पाव्हणी, सगळी. पोरी जाताना सगळे बघणार आणि येताना सगळे बघणार. वाट इतकी राखलेली वर्षातून दुसऱ्या दिवशी मिळत नाही. आणि सायकली मोकळ्या, कारण सायकलवाले शेतात.

माझ्याबरोबर मैना होती, तिच्या घरचं रान चांगलं पण तिचे वडील म्हणायचे, सुशीचा बाप पाठवत असंल तर बघू. रझिया होती, तिचे अब्बा सायकलवरून गावोगाव बांगड्या विकायचे. आणि पारू, कोष्ट्याची, जिला सायकल येत नव्हती. तिनं मागच्या कॅरिअरवर बसायचं. तिघींच्या घरचे आमच्या घराकडे बघत होते, आणि अप्पा आभाळाकडे.

शेवटी अप्पा म्हणाले, "चाकूरला जाऊन यायचं. मालकाच्या रानात हेंडगा पेटायच्या आत आल्या, तर माजी ना न्हाई. न्हाई आल्या तर इषय संपला. मग सर, तुमीबी काडायचा न्हाई."

"कबूल," सर म्हणाले.

हेंडगा म्हणजे वाळल्या काडाचा किंवा पाचटाचा मोठा पलिता. येळवशीला दिवस मावळला की तो पेटवतात, तो धरून एक जण शेताला फेरी मारतो, आणि मग माणसं घरी निघतात. मालकाच्या शेतातला हेंडगा दर वर्षी अप्पाच धरायचे.

मी अप्पांवर रागावले होते. आता नाही. ज्या माणसाला आयुष्यात कुणी काही विचारलं नाही, त्यानं एक अट घातली. ती तरी त्यानं नीट घालू नये का?

सायकल मी मैनाच्या काकाच्या गाडीवर शिकले, आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग वरून. सीटवर बसलं की पाय पोचायचे नाहीत. पायडल खाली गेलं की ते पुन्हा वर येईपर्यंत वाट बघायची. परकर साखळीत जायचा, म्हणून जुन्या ट्यूबच्या रबरानं घोट्याला बांधायचा. त्या रबराचा वास अजून कुठे आला तर माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

त्या सकाळी थंडी अशी होती की हँडल धरवत नव्हतं. माय शेतात न्यायची टोपली भरून उभी होती. पोरगी निघाली म्हणून ओवाळणं वगैरे काही नाही. ती एवढंच म्हणाली, "कडंकडंनं जा. मदी खडी मोकळी हाय, चाक घसरंल. मीच फोडलीय, मला ठाव हाय."

गावातून निघालं की पहिलं शेत मालकाचं. कडब्याची कोप, म्हणजे पूजेपुरती खोपी, उभी केली होती. त्या वर्षी कडबा सोन्याच्या मोलाचा, म्हणून कोप लहान, आणि पूजा झाली की तोच कडबा बैलापुढे टाकायचा हे आधीच ठरलेलं. कोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून ही पूजा नव्हती, आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. पण अप्पा शेतावर, त्यामुळे शेतातली येळवस आमचीही होती.

मालक बांधावर आले. "पोरींनो, आंबील घिऊन जा की गं!"

अप्पा बैलाच्या पलीकडे उभे होते.

मैनानं आधीच नियम केला होता. जाताना कुठंही थांबायचं नाही. पण येळवशीची हाक नाकारायची कशी? मग मी ओरडले, "येताना येतो, मालक!"

बरं वाटलं. हाकेचा मान राहिला आणि वेळही वाचला. पुढे एका शेतातून हाक आली, "या गं लेकींनो, भज्जी गरम हाय!" रझिया ओरडली, "येताना येतो!" त्याच्या पुढच्या शेतात मैना. मग आम्हाला गंमतच वाटायला लागली. हाक यायच्या आधीच कॅरिअरवरून पारू हात हलवायची, "येताना येतो! येताना येतो!" मालकाच्या रानानंतर पहिल्यांदा भेटलेल्या म्हाताऱ्यानं तर रस्त्यावर येऊन सायकलच धरली होती; त्याच्या हातचं नुसतं पाणी प्यायलो होतो आणि त्यालाही तेच सांगितलं होतं. दुष्काळात पाणी म्हणजे जेवणच, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही.

मैना म्हणाली, "दुष्काळात लोकं जास्तच हाका मारून राहिले गं."

खरं होतं. भज्जी म्हणजे येळवशीची मिसळीची भाजी, तिच्यात एरवी सोळा भाज्या पडतात, त्या वर्षी कुणाच्या पातेल्यात चार, कुणाच्या पाच. ताक पुरेना म्हणून आंबील पातळ. पण हाका मात्र दर वर्षीपेक्षा मोठ्यानं. ज्याच्याकडे थोडं असतं त्याला कुणीतरी यावं असं जास्त वाटतं, हे मी पुढे फार ठिकाणी पाहिलं.

मायच्या ढिगापाशी हिरवी चिंधी दिसली. मी घंटी वाजवली. आज सुट्टी, ढिगापाशी कुणी नव्हतं. तरी वाजवली.

चाकूर रिकामं होतं. कॉलेजच्या फाटकाशी एकटा शिपाई, कानाला मफलर. चार पोरी बघून तो उठलाच.

"आज कामून आल्या? समदं चाकूर रानात हाय. मीच एकटा फाटक राखून राहिलो."

"सही पायजे," मी म्हणाले आणि वही पुढे केली.

"कशाची?"

"आमी आलो व्हतो म्हनून."

त्यानं आम्हाला आणि सायकलींना नीट पाहिलं. मग पेन मागून अगदी सावकाश लिहिलं, 'चार मुली सायकलवर आल्या.' खाली सही, खाली गाव, खाली 'जि. उस्मानाबाद'. ते खोडलं आणि 'लातूर' लिहिलं. "सवय जाईना," तो पुटपुटला. मग मला म्हणाला, "फाटक सकाळी साडेसातला उघडतं. उशीर झाला तर मी आत घेत न्हाई, सांगून ठिवतो."

या माणसानं मला पहिल्यांदा कॉलेजची विद्यार्थिनी समजून दम दिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ऊन डोक्यावर होतं. दिवस मावळायला भरपूर वेळ. आम्ही गाणी म्हणत निघालो आणि पहिल्याच शेताच्या बांधावर एक बाई पदर खोचून उभी दिसली.

"आल्या का? या. जाताना म्हनाल्या व्हत्या."

बसलो. पत्रावळी आली, भज्जी आली, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. "लाजू नका, वाढ गं त्यांना." आंबील तांब्यानं. ज्यांनी आंबील प्यायली नाही त्यांना सांगते, ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून केलेलं हे पेय दिसतं साधं, पण अंगावर उन्हासारखं पसरतं आणि डोळे मिटायला लागतात. पुढच्या शेतात आणखी एक बाई उभी. तिथंही बसलो. तिथं हरभऱ्याच्या पाल्याची भज्जी आणि आणखी दोन तांबे आंबील. निघताना मैना म्हणाली, "जरा पाठ टेकू. उलीसंक."

चिंचेखाली पाठ टेकली. उठलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

मला ती जाग अजून आठवते. तोंडावर माशी, आणि पहिला विचार, संपलं. रझिया बोटं मोजत बसली होती. "किती जनांना सांगितलं आपन येताना येतो?"

मोजलं. अकरा शेतं. दोन झाली होती. नऊ राहिली होती, आणि चार कोसांहून जास्त रस्ता.

"सरळ जाऊ," मी म्हणाले. "कुठंच थांबायचं न्हाई."

"अन् उद्या?" मैना म्हणाली. "उद्या याच रस्त्यानं जायचंय ना रोज? पैल्याच दिवशी खोटं बोललेल्या पोरी म्हनून जायचं?"

ज्या रस्त्याला साक्षीदार म्हणून सरांनी उभं केलं होतं, त्या रस्त्याला आम्ही अकरा ठिकाणी शब्द देऊन बसलो होतो.

तिसऱ्या शेतात गोदामाय नावाची म्हातारी बांधावरच कळशी घेऊन उभी होती. तिच्या सुनेनं पेले आणले. चार. मग तिनं मला पाहिलं आणि विचारलं, "ही कुनाची?" पारूनं भोळेपणानं सांगितलं, अप्पांचं नाव, मालकाचं नाव. सुनेनं एक पेला परत टोपलीत ठेवला आणि दुसरं काही मिळतंय का, ते शोधायला वाकली. नरोटी, डबा, काहीतरी.

मला हे लहानपणापासून माहीत होतं. त्याला राग येण्याइतकं नवेपण उरलं नव्हतं. पण त्या दिवशी माझ्याकडे शोधाशोधीला थांबायला वेळ नव्हता.

"मावशी, पेलेच नगं," मी म्हणाले. "आमाला घाई हाय. वरून घाला, ओंजळीत. चौघींच्याबी."

सून थांबली. मैनानं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांत आधी तिनंच ओंजळ पुढे केली. गोदामायनं कळशी वाकवली आणि आंबील मैनाच्या कोपरापर्यंत ओघळली.

"गळून राहिलंय गं!"

"आसं न्हाई," मी म्हणाले. "करंगळ्या जोड. मनगटं चिकटव. व्हट इथं लाव, अंगठ्यापाशी." मी करून दाखवलं. थेंब सांडला नाही.

"हिला बघा कसं जमतंय!" गोदामाय हसली.

मला जमणारच होतं. रझिया शिकली, पारू शिकली. त्या दिवशी उरलेल्या सगळ्या शेतांत आम्ही चौघी एकसारख्या उभ्या राहून ओंजळीनं प्यायलो. नियम ठरला, एक ओंजळ, एक घास, बूड टेकायचं नाही. "आगं बसा तरी!" "न्हाई मामी, हेंडग्याच्या आत जायचंय." "कामून?" "कॉलेजला जायचं म्हनून." काहींना कळलं, काहींना नाही. पण एका शेतातल्या बायकांनी आम्ही लांबून दिसताच कळशी उचलून रस्त्यावरच आणली आणि एक पाय पायडलवर असतानाच ओंजळ भरली. "पळा! दिस चाललाय, पळा!" हाका तशाच होत्या, पण आता त्या आम्हाला थांबवत नव्हत्या, ढकलत होत्या.

ओंजळ लहान असली तरी आंबील ती आंबीलच. सातव्या शेतानंतर पारू कॅरिअरवर पेंगायला लागली. एकदा पडलीच, खडीवर. गुडघा फुटला. रझियानं आपल्या ओढणीनं तिला स्वतःच्या कमरेला बांधलं. "चल गे, बोरी बन के बैठ," ती म्हणाली. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही पोरगी बाजारातून पोतं घेऊन निघालीय.

दहाव्या शेताच्या बांधावर कुणी नव्हतं. कोप मोडलेली, बैल गेलेले. सूर्य क्षितिजाला टेकला होता. सुटलो, असं माझ्या मनात आलं, ते लपवत नाही.

"कुनी न्हाई. चला," मी म्हणाले.

"त्येनं जाताना पानी दिलं व्हतं," ओढणीत बांधलेली पारू डोळे न उघडता म्हणाली.

आम्ही सायकली बांधाला टेकवल्या आणि आत पळालो. मोडलेल्या कोपीच्या आड तो म्हातारा घोंगडं पांघरून बसला होता. घरची माणसं गेली होती, वाढायला काही उरलं नव्हतं म्हणून लवकरच. तो एकटा थांबला होता. पळसाच्या पानात बांधलेले चार उंडे त्याच्या मांडीवर.

"आल्या व्हय," तो म्हणाला. "सून म्हनली, पोरींचं बोलनं, चला घरी. मी म्हनलं, दिस मावळूस्तोर बघतो."

मी त्या उंड्याचा घास उभ्यानंच खाल्ला. हा थोडा वेळ आम्ही वाचवला असता तर?

रस्त्यावर आलो तेव्हा दिवस बुडाला होता. मी आयुष्यात तितकी सायकल पुन्हा कधी मारली नाही. मधल्या मोकळ्या खडीवर चाक घसरायचं, तेव्हा मायचा शब्द आठवून कडेला यायचं. आणि मग दोन्ही बाजूंच्या रानांत हेंडगे पेटायला लागले. एक, दोन, चार. अंधारात जाळ पळत होते, माणसं ओरडत होती. कानडी वळणाचा तो जुना घोष, ज्याचा अर्थ आमच्या गावात कुणालाच सांगता येत नाही. दर वर्षी मी हे बघायला बांधावर चढायचे. त्या दिवशी प्रत्येक जाळ म्हणजे माझ्यापुढे बंद होणारं एक दार होतं.

मालकाचं रान दिसलं. तिथं अंधार होता.

"पेटून इझला," मैना म्हणाली. पण पायडल कुणीही थांबवलं नाही. अकरावं शेत राहिलं होतं. शब्द दिला होता.

जवळ आलो तर माणसं तिथंच. सगळी. माय, मैनाचे वडील, रझियाचे अब्बा, हेडसर, शेजारच्या रानांतले दहा-वीस जण गोल करून उभे. मध्ये अप्पा गुडघ्यावर बसलेले, समोर न पेटलेला हेंडगा. हातात काडेपेटी. खाली जळून विझलेल्या काड्यांचा सडा.

मालक ओरडत होते. "आरं, एक पेटी सरली! काय करून राहिलास?"

"वलं हाय मालक," अप्पा मान खाली घालून म्हणाले. "पाचट वलं हाय. धरंना झालंय."

"वलं? औंदा मिरगापून थेंब न्हाई पडला, हिरीत बेडकाला पानी न्हाई, अन् तुजं पाचट वलं?"

माणसं हसत होती. मैनाचे वडील तर तोंडावर उपरणं धरून. गेल्या वर्षीच्या छपराचं ते पाचट, हातात घेतलं तर चुरा व्हायचं. अप्पा मात्र गंभीर. त्यांनी काडी ओढली, हेंडग्याजवळ नेली, आणि वाऱ्याच्या बाजूनं हात काढून घेतला. विझली.

मी घंटी वाजवली.

अप्पांनी वर पाहिलं. आधी मला, मग मागे मैनाला, मग रझियाला, आणि तिला बांधलेल्या पारूला. मोजून घेतल्यासारखं. मग त्यांनी पुढची काडी ओढली. एकाच काडीत हेंडगा भडकन पेटला, आणि अप्पा तो उचलून शेताला फेरी मारायला पळत सुटले. त्यांचं वय तेव्हा फार नव्हतं, पण इतकं पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मालकीणबाई कळशी घेऊन आल्या. मी सवयीनं ओंजळ केली. माझ्या शेजारी मैनानं केली, रझियानं केली, पारूनं अर्धवट झोपेत केली. चारही ओंजळी गच्च. मालकीणबाई घटकाभर बघत राहिल्या आणि मग ओतायला लागल्या.

जूनमध्ये आम्ही चौघी चाकूरला जायला लागलो. साडेसातच्या आत. शिपायानं एकदाही फाटक बंद केलं नाही. नंतर मी नांदेडला बी.ए. केलं, आमच्या घरातली पहिली पदवी. नोकरीतली कितीतरी वर्षं हिमायतनगरकडे काढली. तिकडे ही अवस कुणी करत नाही. मी रजा टाकायची तर कारण काय लिहू, असा प्रश्न पडायचा. एका वर्षी लिहिलं, 'अकरा शेतांत जायचे आहे.' हेडमास्तरांनी काही न विचारता सही केली.

मैना आता उदगीरला असते, रझियाची शिलाईची शाळा आहे, आणि पारू तलाठी होऊन निवृत्त झाली. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या तिनं, सायकल मात्र आली नाही ती नाहीच. गोदामायची सून मला मध्ये एका लग्नात भेटली. तिनं ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. पंगतीत ती माझ्या शेजारी बसली आणि तिनंच माझ्या ताटात वाढलं. मी जेवले.

तो रस्ता आता रुंद, डांबरी आहे. श्रुतीच्या सायकली आज त्यावरूनच गेल्या असतील, सुर्रकन. त्या डांबराखाली कुठेतरी मायची खडी आहे. वरून दिसत नाही, पण चाक घसरत नाही, म्हणजे ती आहे.

पदवीचा कागद घेऊन मी नांदेडहून आले त्या दिवशी अप्पा अंगणात बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदावरून हात फिरवला, कडा नीट आहेत का पाहिल्या. मी शेजारी बसले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"अप्पा, त्या येळवशीला पाचट खरंच वलं व्हतं का?"

माय चुलीपाशी हसली. अप्पा हसले नाहीत. गावासमोर एकदा दिलेला शब्द ते माझ्यासमोरही बदलणार नव्हते.

"वलं व्हतं," ते म्हणाले. "लई वलं व्हतं."